ओसरी नसलेली शाळा

आमच्या मास्तरांच्या कमरेला, धोतरावरून, एक सुतळी कायम गुंडाळलेली असायची. तिला वीत-वीत अंतरावर गाठी. वडवणीच्या बाजारात लोकांना वाटायचं, ह्या माणसाचा बैल हरवलाय आणि हा दावं घेऊन हिंडतोय. मी बदली होऊन त्यांच्या गावी गेलो तर पहिल्या दिवशी त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. मांडी घालून बसायला सांगितलं, सुतळी सोडली आणि एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत मला मोजलं.

"तीन विती चार बोटं," ते म्हणाले. "दुय्यम, तुम्हाला जागा लई लागते हो!"

तेव्हापासून मी दुय्यम. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

निजामाचं राज्य होतं. दिंद्रुडकडच्या वाटेवरचं ते गाव, दोन मास्तरांची शाळा. कागदावर ते सदर मुदर्रिस, म्हणजे थोरले मास्तर, मी त्यांचा मददगार. साहेब तपासणीला आला की घालायची म्हणून दोघांकडे एकेक रुमी टोपी. त्यांच्या टोपीचा गोंडा कधीच झडून गेला होता आणि त्या जागी त्यांनी काळा दोरा शिवून घेतला होता. टोपीचा घेरही त्यांना तोंडपाठ होता. भेटेल ते मोजायचं, हा त्यांचा छंदच. पोरांच्या पाठी मोजायचे, बसायला किती जागा लागते ते बघायला. एका लग्नात जेवणाची पंगत मोजली आणि यजमानाला सांगितलं, "चार पात्रं अजून बसतील, उगी दुसरी पंगत कावून करता?" यजमान संतापला. मास्तर चुकीचं मोजत नव्हते, हेच तर दुखणं होतं.

शाळा मारुतीच्या देवळात भरायची. आधी वीसेक पोरं होती म्हणे. मी गेलो तेव्हा साठाच्या वर गेली होती. गाभाऱ्याच्या दारापासून पायरीपर्यंत पोरंच पोरं. तेल घालायला आलेल्या बाया पाय कुठं ठेवू म्हणून विचारायच्या. शनिवारी तर शिकवणं नावालाच. नारळाचा तुकडा कोणाच्या हातावर पडतो, इकडं सगळ्यांचं ध्यान.

अशा गर्दीत मास्तर बेंबीच्या देठापासून ओरडून शिकवायचे. मला वाटलं, माणूस ठार बहिरा आहे. म्हणून मीही त्यांच्याशी ओरडून बोलायला लागलो. आठवडाभर आम्ही दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसायचो आणि दोन शेतांच्या बांधांवरून बोलावं तसं बोलायचो. शेवटी ते वैतागले.

"दुय्यम, हळू बोला. मला मुंगी चाललेली ऐकू येती."

"मग तुम्ही कावून ओरडता?"

त्यांनी बोट दाखवलं. देवळासमोर चाळीस पावलांवर एक कडुलिंब होता. त्याच्याखाली पाच पोरं बसली होती, मांडीवर खापराचे तुकडे, हातात कोळसा. ती महारवाड्यातली पोरं. त्यांना देवळाची पायरी चढायची सोय नव्हती. त्यांची नावं मास्तरांनी हजेरीत घातली होती आणि रोज पुकारायचे. 'हाजिर' असं लिंबाखालून उत्तर यायचं. मास्तर फळ्यावर अक्षर काढायचे तेही भाकरीएवढं. मी आठ दिवस त्या लिंबाकडं बघत होतो आणि मला पोरं दिसली नव्हती. आता लपवून काय उपयोग? दिसली असतील. मोजली नव्हती.

मास्तरांना नवी शाळा बांधायची होती. दर सहा महिन्यांनी ते तालुक्याला दरख्वास्त पाठवायचे, सोबत नकाशा. नकाशात दोन खोल्या, पाण्याचे रांजण ठेवायला कट्टा, पोरींना वेगळं दार आणि मागं दोन मुताऱ्या. मुताऱ्यांवरून गाव महिनाभर हसत होतं. "मुतायला खोली? येवढं रान पडलंय की मास्तर!" मास्तर म्हणायचे, "पोरींना विचारा." त्यावर हसणारे विषय बदलायचे, कारण गावात शाळेत येणाऱ्या पोरी चारच होत्या आणि त्यातली एक पाटलाची होती.

मंजुरी येईल तेव्हा येईल, मास्तरांनी जागा धरली. गाव आणि महारवाडा यांच्या मधोमध ओढ्याच्या अल्याड एक पडीक तुकडा होता, सरकारी. एका सकाळी त्यांनी पोरांना सांगितलं, उद्या येताना घरच्या चुलीतली ओंजळभर राख आणा. साठ घरांची राख आली. लिंबाखालच्या पाच घरांचीही आली. मास्तरांनी ती एका टोपल्यात ओतली, हातानं कालवली आणि सुतळी धरून त्या पडीक जमिनीवर अख्खी शाळा आखली. नकाशातल्यासारखी बोटभर नव्हे, खरोखरीच्या मापाची. ही भिंत, हे दार, ही खिडकी. आणि म्हणाले, "चला, आत या."

दुसऱ्या दिवसापासून शाळा तिथंच भरायला लागली. वर आभाळ, खाली ढेकळं, चारी बाजूंना राखेच्या रेघा. पण नियम कडक! यायचं ते दारातूनच. रेघेवरून उडी मारून कोणी आलं की मास्तर त्याला परत पाठवायचे, "डोकं फुटलं असतं की रे भिंतीला!" खिडकीपाशी बसणाऱ्यानं बाहेर बघितलं की छडी. तीच पोरं आठ हात सरकून बाहेर बघत असली तर चालायचं, कारण तिथं भिंत होती आणि भिंतीतून दिसत नाही. मला हसू यायचं, पण सांगतो, महिनाभरात मीही दारातूनच ये-जा करायला लागलो. एकदा विसरून भिंतीवर पाय पडला तर अंग चोरलं मी. शेळ्यांना तेवढं कळेना. रोज सकाळी पुसलेल्या रेघा पुन्हा काढायच्या, पुन्हा राख आणायची.

गावचे माली पाटील, सारावसुलीचे, एकदा बघायला आले. भला माणूस, तोंडानं तिखट. तरातरा चालत मधोमध येऊन उभे राहिले.

"पाटील," मास्तर म्हणाले, "भिंतीतून आलात."

साठ पोरं पाटलांच्या पायांकडं बघायला लागली. पाटलांनी खाली बघितलं, मास्तरांकडं बघितलं. मग काय मनात आलं कोण जाणे, उलटे फिरले, वळसा घालून दारापाशी गेले आणि पागोटं सांभाळत वाकून आत आले.

"दार ठेंगणं ठेवलं बगा मास्तर तुमी," म्हणाले. त्या दिवशी त्या दाराची उंची वीतभर वाढली.

ह्या राखेच्या शाळेत ती पाच पोरं आत बसायची. मधे नाही, कडेच्या ओळीला, पण रेघेच्या आत. गावानं त्यावर ब्र काढला नाही. मला आश्चर्य वाटायचं. वर्गात मास्तर आता ओरडायचेही कमी.

सरकारची मंजुरी दोन वर्षांनी आली. लाकूड आणि गवंड्याची मजुरी सरकारची. दगड, माती, राबणारे हात गावाचे. वर एक अट: शिक्षण खात्याचे मोहतमीम साहेब तपासणीला येतील तेव्हा इमारत पुरी झालेली पाहिजे, नाहीतर उरलेली रक्कम दुसऱ्या गावाला जाईल. बीडहून गवंडी आले. म्हातारे, हाताला चुन्याच्या भेगा, आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. त्यांनी राखेवरून एक चक्कर मारली, तीही दारातून, आणि कपाळाला आठी घातली.

"मास्तरसाब, ओसरी किदर है?"

"ओसरी नाही."

"ओसरी नक्को? धूप सीदा अंदर आतीच ना! बारिश में बच्चे जूते कां उतारते?"

"उस्ताद," मास्तर म्हणाले, "ओसरी काढली की लोक तिथं कोणाला तरी बसवतात."

उस्ताद थोडा वेळ त्या कडेच्या ओळीकडं बघत राहिले. "हौ," म्हणाले, "समज गया." आणि ओसरी न धरता पाया खोदायला घेतला. तेव्हा मला कळलं की मास्तरांना इमारत हवी होती ती एवढ्याचसाठी. साठ पोरं आणि ती पाच पोरं, एका छपराखाली. बाकी रांजण, मुताऱ्या, खिडक्या हे सगळं त्याच्या मागून येणारं.

भिंती झाल्या. कमरेपर्यंत दगड, वर मातीच्या. आता माळवद, मातीचं सपाट छप्पर. आमच्याकडं माळवद एका दिवसात घालतात, सगळा गाव मिळून. आधी सरे, म्हणजे तुळया, चढवायचे, त्यावर बारीक लाकडांचं किलचण, त्यावर पाला, आणि मग पांढऱ्या मातीच्या पाट्या खालून वर, हातोहात, दिवस मावळेपर्यंत. मृगाच्या आत झालं पाहिजे, नाहीतर उघड्या मातीच्या भिंती पहिल्याच सरीला बसतात. त्या दिवशी सकाळी नारळ फुटला. माती उकरायला महारवाड्यातले बापे पहाटेच येऊन लागले होते. आणि गावातली मंडळी आली ती पाट्या उपड्या करून भिंतीच्या सावलीला बसली.

पाटील पुढं आले. आवाज खाली, नजर जमिनीवर.

"मास्तर, राग मानू नका. आत्तापर्यंत वर आभाळ होतं. आभाळाखाली काय, बाजारात, खळ्यावर सगळेच असतेत. पण माळवद पडलं की ते घर झालं. एका घरात न्हाई जमणार. तुमी एक ओसरी काढा अन् त्या पोरांना तिथं बसवा. आमची ना न्हाई. लगेच पाट्या उचलतो."

मास्तरांनी ह्या एका गोष्टीचं माप घेतलं नव्हतं. माणूस सगळं मोजत आला आणि आभाळ मोजायचं राहिलं. त्यांना वाटलं होतं, दोन वर्षं रेघेच्या आत बसली म्हणजे बसली. गावाच्या लेखी ती आत कधी बसलीच नव्हती.

मास्तर तसेच वळले. ते आत गेले, मीही मागोमाग. छप्पर नसलेल्या वर्गात ऊन नुसतं ओतलं होतं. मी म्हणालो, आणि शहाणपणाच्या सुरात म्हणालो, "मास्तर, हट्ट सोडा. ढग यायला लागलेत. साहेब यायचाय. ओसरीवर बसून पोरांना ऐकू तर येईल!"

"लिंबाखाली पण ऐकूच येत होतं, दुय्यम."

ते भिंतीला हात लावून उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते. मी उगाच किलचणाच्या ढिगाकडं बघत राहिलो. मग त्यांनी नाक पुसलं, सुतळी सोडली आणि बाहेर जाऊन पाटलांना म्हणाले, "काढतो ओसरी. किती रुंद ते मी ठरवणार."

"तुमी कितीबी करा!" पाटील सुटल्यासारखे हसले. मंडळींनी पाट्या सुलट्या केल्या. दिवस मावळायच्या आत माळवद पडलं.

ओसरी मास्तरांनी आखली ती वर्गाएवढीच! सरकारी लाकूड संपलं होतं, म्हणून बाभळीच्या मेढी आणि वर गवत. उस्ताद मिशीत हसत होते. गाव म्हणालं, म्हातारा चळला.

नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी गावची पोरं आत गेली. पाच पोरं ओसरीवर. मास्तरांनी आतली खुर्ची उचलली, ओसरीवर आणली. फळा आणला, तोही ओसरीवर टेकवला. मला म्हणाले, "दुय्यम, लहान पोरं तुम्ही घ्या आत. मोठ्यांना मी हितून शिकवतो. ऐकतील दारातून."

आणि हळू बोलायला लागले.

इतकं हळू, की मी दारात उभा असून मला निम्मं कळेना. आतली मोठी पोरं माना ताणून बसलेली. तिमाही आली तेव्हा ओसरीवरच्या पाचांना अपूर्णांक येत होते आणि आतल्यांना वजाबाकीचा हातचा आठवेना. पाटील आले.

"मास्तर, आवाजाला काय झालं तुमच्या?"

"वय झालं, पाटील."

"देवळात होतात तवा तर पार शिवेपर्यंत ऐकू येत होतं!"

"तेव्हाच खर्च झाला."

पाटील मनातून काय ते समजले. त्यांचा पोरगा आधी उंबऱ्यापाशी येऊन बसला. मग चार दिवसांनी उंबऱ्याच्या अलीकडं, ओसरीवर. पाटलीणबाईंनी ओरडा केला तर पाटलांनीच तोड काढली, "ओसरी म्हणजे बाहेरच की! बाहेरचं चालतं." गावाला एवढंच पुरलं. त्यांना जिंकायचं नव्हतं आणि हरल्यासारखंही दिसायचं नव्हतं. दिवाळीच्या सुमाराला मोठी पोरं सगळी ओसरीवर, मास्तरांच्या पायाशी, एकमेकांच्या गुडघ्याला गुडघे लावून. आत मी आणि माझी बिगरीची बारकी पोरं. एवढी थोरली इमारत, आणि आत आमचाच आवाज घुमायचा.

मोहतमीम साहेब आले ते नेमके ह्याच वेळी. मास्तरांनी टोपी चढवली. साहेबांनी आत डोकावलं, बाहेर बघितलं, परत आत डोकावलं.

"इतनी इमारत किस लिए बनवाई?" साहेबांनी विचारलं. "बच्चे तो सब बाहर बैठे हैं."

सांगायला तोंड होतं. गावानं काय अट घातली, कशी घातली, सगळं सांगता आलं असतं आणि पाटील अडचणीत आले असते. पाटील तिथंच उभे होते, घाम पुसत. मास्तर म्हणाले, "हुजूर, अंदर जगह कम पडती है."

मोजमापात आयुष्य गेलेल्या माणसानं बोललेलं हे एकमेव खोटं माप मी ऐकलं. साहेबांनी शेरा लिहिला: इमारत मिळूनही वापर नाही. दोन महिन्यांनी हुकूम आला. मास्तरांची बदली, तालुक्याबाहेर, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. शाळा माझ्या ताब्यात.

गाडीत त्यांच्या दोन ट्रंका चढल्या. मला वाटलं, जाताना काही सांगतील. माणूस असा निरोप घेतो तेव्हा सांगतो काहीतरी. मास्तर म्हणाले, "ओसरीचं गवत वर्षाआड बदलावं लागेल. आत्तापासून सांगून ठेवा लोकांना." पाटलांनी त्यांचे पाय धरले. सगळ्या गावासमोर धरले. गाडीमागं पोरं शिवेपर्यंत धावली, सगळी, त्यात कोण कोणाला धक्का मारत होतं ते कोणी बघितलं नाही.

पुढं ऐकलं, तिकडंही त्यांनी राख गोळा केली. खरं-खोटं माहीत नाही. मी कधी पत्र टाकलं नाही.

आता जे सांगायचं ते सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेलो. ओसरीवर मोठी पोरं येऊन बसली होती, पाचही जणं त्यांच्यात. खुर्ची तिथंच होती. पाटील आले नव्हते, गावातलं कोणी आलं नव्हतं. कोणी काही म्हणालं नव्हतं. मी त्या खुर्चीपाशी उभा राहिलो. मला वाटलं, साहेबाचा शेरा आहे. वाटलं, हजेरीची पानं वाऱ्यानं उडतात. वाटलं, सकाळचं ऊन तोंडावर येतं. कारणं काय, मागाल तितकी मिळतात. मी खुर्ची उचलली आणि आत नेऊन ठेवली.

मोठी पोरं उठून माझ्या मागं आत आली. पाच जणं उठली नाहीत. उठायचं की नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं. मी त्यांच्याकडं पाठ करून फळा टांगत होतो. पुढच्या सुगीपर्यंत त्यांतली दोन यायची, मग कोणीच नाही. हजेरीतून नावं मीच काढली.

गावात आता ती गोष्ट निघाली की नवी मंडळी म्हणतात, त्या काळच्या गावानं होऊ दिलं नाही हो, लोकच तसे होते. मीही मान हलवतो. इतकी वर्षं हलवत आलो, आणि दर खेपेला माझीच मला लाज वाटते. गावाचं काय घेऊन बसलात? गावाची पोरं ओसरीवर आली होती. पाटलांचाच पोरगा सगळ्यांत पुढं बसला होता. आत गेलो तो मी.